टिकलीला लागलं की विकायचं

आता माझं काम घरबसल्या होतं. धुळ्यात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा, चोपड्याच्या गिऱ्हाइकाला फोनवर एक आकडा विचारायचा, की त्याच्या संगणकात मी इथूनच शिरते. शेअर आणि वायदे बाजारात रोज खरेदी-विक्री करणाऱ्यांना चार्टचं सॉफ्टवेअर बसवून देणं हा माझा धंदा. भावाची चढउतार त्यात मेणबत्त्यांसारख्या उभ्या खुणांनी दिसते. कुठल्या मालाचा चार्ट, सरासरीची रेघ कोणत्या रंगाची, भाव ठरल्या जागी आला की घंटा वाजवायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या सवयीप्रमाणे लावून द्यावं लागतं. पूर्वी मी त्यासाठी लोकांच्या घरी जात असे. आता त्यांच्या स्क्रीनखेरीज मला त्यांचं काहीच दिसत नाही. घरात कोण आजारी आहे, नवा सोफा आला का, चहात आलं आहे की गवती चहा, काही कळत नाही.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पारोळ्याच्या पुढच्या खड्ड्यांनी माझ्या पाठीचं काय केलं ते माझ्या डॉक्टरला विचारा. पर्समध्ये सीड्या, एक स्क्रू ड्रायव्हर, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन मी धुळे-जळगाव एसटीनं इतक्या फेऱ्या केल्या की एरंडोलचा फळवाला मला न विचारता पेरू कापून द्यायचा. पोहोचावं तर भारनियमन. मग वीज येईपर्यंत गिऱ्हाइकाच्या बायकोशी गप्पा. त्या गप्पांतच मला समजायचं की हा माणूस टिकेल की पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर बंद करेल. स्क्रीन बघून ते अजूनही कळत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. धुळ्याचे एक आबा जन्मभर गुरांच्या बाजारात दलाली करत आलेले. तिथे सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात आत, बोटांनी भाव ठरतो, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आबांनी चांदीचा चार्ट लावून घेतला आणि मॉनिटरवर उपरणं टाकलं. मग स्वतः डोकं उपरण्यात घालून भाव बघायचे. मी म्हटलं, "आबा, हा भाव साऱ्या देशाला दिसतो." आबा आतूनच म्हणाले, "देशाला दिसू दे, शेजाऱ्याला नको."

पण मला सांगायचंय ते जळगावच्या अक्कांबद्दल.

अक्कांच्या घरची डाळ मिल. मिल एमआयडीसीत, घर गावात. घरात दोन भाऊ आणि त्यांच्या दोन बायका. थोरल्याला सगळे भाऊ म्हणत, त्यांची बायको म्हणजे अक्का. तेव्हा त्या पन्नाशीच्या, मी पस्तिशीची. सॉफ्टवेअर मी लावून दिलं होतं ते खरं तर अक्कांच्या दिराला. या धाकट्या भावाचा एकच रोग होता: भाव पडायला लागला की तो विकायचा नाही. वर येईल, वर येईल, म्हणत बसायचा. व्हायचं तेच झालं. पुढे त्यानं संगणकावर कापड टाकलं आणि मिलच्या कामाला लागला. भाऊ त्याला एक शब्द बोलले नाहीत, पण त्या खोलीकडे ते बघेनासे झाले.

ते कापड काढलं अक्कांनी. उन्हाळ्यात मी त्या गल्लीत दुसऱ्या कामाला आले होते, तर गच्चीवरून हाक आली. वर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत होते. अक्कांच्या हाताला पीठ.

"अगं, ते यंत्र वर्षभराचे पैसे भरून बंद पडलंय. मला शिकवशील?"

"कशात करणार तुम्ही अक्का? शेअरमध्ये?"

"शेअर कशाला? हरभरा. तीस वर्षं हरभरा निवडतेय. कुठल्या महिन्यात कसा वागतो मला माहीत आहे. यंत्रात कसा वागतो तेवढं दाखव."

तेव्हा हरभऱ्याचे वायदे जोरात चालत. वायदा म्हणजे पुढे मिळणाऱ्या मालाचा आज ठरवलेला भाव, आणि तो भाव दिवसभर हलत राहतो. मिलवाल्या घरातल्या बाईला हरभरा समजावा लागत नाही. मला तिला फक्त माऊस समजवायचा होता, आणि तेच अवघड गेलं.

भाऊंना संध्याकाळी कळलं; मला अक्कांनी जेवायला थांबवून घेतलं होतं. ते कच्चा हरभरा दाताखाली फोडून ओल सांगणारे. जेवता जेवता म्हणाले, "चार्टावरचा हरभरा एकदा दाताखाली घालून दाखव मला."

"तुम्ही पोतं फोडून बघता, मी भाव फोडून बघते," अक्का म्हणाल्या.

"धाकट्यानं काय केलं बघितलंस ना?"

"बघितलं. म्हणूनच मागतेय. त्याला विकता येत नव्हतं."

भाऊंनी वरण संपवलं आणि निर्णय दिला: अक्कांनी स्वतःच्या माहेरच्या पैशातून करायचं, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत. व्यापाऱ्याचं वर्ष पाडव्याला बदलतं. त्या दिवशी हिशेब विचारणार. ठीक असेल तर सॉफ्टवेअरचं पुढच्या वर्षाचं नूतनीकरण. धाकट्याचा रोग अक्कांना लागलेला दिसला, तर संगणक विकायचा आणि त्या खोलीत रिकाम्या पोत्यांचं बारदान रचायचं. अक्का "बरं" म्हणाल्या. मला जिन्यात गाठून मात्र त्या म्हणाल्या, "या घरात माझी खुर्ची अशी कुठे नाही बघ. चुलीपाशी पाट आहे, देवापाशी पाट आहे. ही पहिलीच खुर्ची. जाऊ द्यायची नाही."

पैशांचं त्या कधी बोलल्या नाहीत, खुर्चीचंच बोलल्या.

मी चार्ट लावून दिला. खरेदी केली की दोन आडव्या रेघा मारायच्या, हे शिकवलं. वरची रेघ म्हणजे इथे पोहोचलं की नफा घेऊन विकायचं. खालची रेघ म्हणजे इथवर पडलं की तोटा सोसून विकायचंच, वाट बघायची नाही. यालाच बाजारात स्टॉप लॉस म्हणतात. अक्का माऊसनं रेघ मारायला गेल्या की रेघ तिरपी व्हायची, नाहीतर जायची भलत्याच ठिकाणी. कशीबशी नीट मारली की वीज जायची, आणि परत आली की रेघा गायब. इन्व्हर्टर होता, पण तो भाऊंच्या पंख्याला.

पुढच्या खेपेला गेले तर स्क्रीनच्या काचेवर दोन टिकल्या. वर मोठी लाल, खाली लहान काळी.

"हे काय अक्का?"

"रेघा जातात. टिकली जात नाही."

मी हसले, मग समजावलं. चार्टच्या उजव्या कडेला भावाची पट्टी असते. भाव फार वर-खाली झाला की सॉफ्टवेअर ती पट्टी आपोआप ताणतं किंवा आखडतं. काच तीच, टिकली तिथेच, पण तिच्यामागचा आकडा बदललेला. "म्हणजे टिकली खोटं बोलेल," मी म्हटलं.

"मग पट्टी हलू देऊ नको."

"तसं करता येतं, पण..."

"येतं ना? मग कर."

मी पट्टी एका जागी घट्ट केली. कोणत्याही शहाण्या माणसाला मी ही सोय करून दिली नसती. पण अक्कांची टिकली खरी ठरू लागली. खरेदी केली की त्या चष्मा लावून आकडा बघायच्या, त्याच्या रेषेत दोन्ही टिकल्या लावायच्या, चष्मा काढायच्या आणि पोळ्यांना जायच्या. येता-जाता दारातून नजर. भाव काळ्या टिकलीला लागला की फोन उचलून दलालाला एकच वाक्य, "काढून टाका." ना हळहळ, ना 'अजून थोडं बघू'.

माझी बाकीची शिकलेली गिऱ्हाइकं काय करायची? भाव खाली आला की माऊसनं स्टॉप लॉसची रेघ थोडी खाली ओढायची. मग आणखी थोडी. रेघ बिचारी भावाच्या पुढे पळत राहायची, आणि माणूस बुडायचा. टिकली उचलून दुसरीकडे लावायला मात्र नखानं खरवडावं लागतं; तेवढ्या वेळात माणसाला लाज वाटते. मी हे अक्कांना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "लाज कसली? दिवसातून चारदा कपाळ बदलतं का कोणाचं?"

त्या पावसाळ्यात मी जळगावला गेले की काम काढून का होईना, त्यांच्याकडे जायची. आज आठवतात त्या त्यांच्या खोलीतल्या दुपारी. खाली कोणीतरी लसूण सोलतंय, मिलमधून येताना भाऊंच्या अंगाला डाळीच्या सालीचा वास, संगणकाचा घूं घूं आवाज आणि अक्कांची जाऊ दारात उभी. ही जाऊ शिंदखेड्याकडची, बोलणं अहिराणी. थोरल्या दिरापुढे ती पदर घ्यायची आणि अवाक्षर बोलायची नाही. काही हवं असलं तर अक्कांना सांगायची, अक्का भाऊंना. त्या खोलीत मात्र तिची जीभ सुटायची.

"काय चालनं अक्का, तुमना हरभरा वर चढना का?"

"चढतोय. तुझ्या नवऱ्यासारखा, दम खात."

मग दोघी हसायच्या. मी इतकी वर्षं नोकरदारांच्या, डॉक्टरांच्या, सराफांच्या घरात चार्ट लावले. चार्टसमोर बसून हसणारी माणसं मला तिथेच भेटली.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा अक्कांचं गणित चांगलं होतं. मुद्दल शाबूत, वर बऱ्यापैकी कमाई. भाऊ काही बोलत नव्हते, पण एकदा त्यांनी स्वतः खोलीत डोकावून "आज काय म्हणतोय?" असं विचारलं होतं. अक्कांनी हे मला फोनवर सांगितलं आणि वर म्हणाल्या, "हसू नको." मी हसले नव्हते.

दिवाळीआधीच्या आठवड्यात नूतनीकरणाच्या कामानं मी जळगावला आले आणि दुपारी त्यांच्याकडे गेले. घर धुऊन पुसून चकचकीत. अक्का खुर्चीवर बसलेल्या, चेहरा ओढलेला. म्हणाल्या, "सकाळपासून पडतोय. पडू दे. अजून टिकलीला लागला नाही."

मी स्क्रीनकडे पाहिलं. मग जवळ जाऊन पाहिलं. काळ्या टिकलीच्या वर, अंगठाभर अंतरावर, काचेवर गोंदाचं एक गोल वळं होतं. टिकली आधी तिथे होती.

पट्टी घट्ट केलेली. तिच्यावर अंगठाभर अंतर म्हणजे केवढं, हे मला आकडा न बघताही कळलं. भाव त्या वळ्याखालून केव्हाच निघून गेला होता आणि नव्या जागच्या टिकलीपर्यंत अजून पोहोचायचा होता.

"अक्का, चष्मा लावा," मी म्हटलं.

त्यांनी लावला. आकडा पाहिला, वळं पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दारात जाऊ शंकरपाळ्यांचं ताट घेऊन उभी होती. आदल्या दिवशी तिनं घरातली सगळी काच पुसली होती. खिडक्या, आरसे, देवाच्या तसबिरी आणि ही सुद्धा. लाल टिकली घट्ट बसली होती, तिच्याभोवतीनं फडकं फिरलं. काळी निघाली. तिनं ती परत चिकटवली, अंदाजानं. अक्कांच्या हातचं काही जमिनीवर पडू नये म्हणून, अगदी दाबून.

जावेला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. पण आमचे चेहरे पाहून तिचा चेहराही पडला.

अक्कांनी फोन उचलला. "काढून टाका." फोन ठेवला. पुन्हा उचलला, कारण तो नीट बसला नव्हता. नीट ठेवला.

"किती?" मी विचारलं.

"कमाईतलं निम्मं," त्या म्हणाल्या. मग जावेकडे वळून, "शंकरपाळे झाले का? दे हिला."

पाडव्याच्या सकाळी मी पावतीपुस्तक घेऊन गेले. मला जायचं नव्हतं, पण मुहूर्तावर नूतनीकरण करायचं हा व्यापाऱ्यांचा शिरस्ता, आणि त्या दिवशी मला आणखी तीन घरं होती. भाऊ नव्या टोपीत बैठकीवर. धाकटा भाऊ खिडकीशी. अक्का ओवाळून बाजूला उभ्या. जाऊ स्वयंपाकघराच्या दाराआड, पदर डोक्यावरून पुढे.

"सांग," भाऊ म्हणाले.

"मुद्दल शाबूत आहे. कमाई होती, त्यातली निम्मी गेली."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात. एकाच दिवसात."

"एका दिवसात? ते कसं?"

"वेळेवर विकलं नाही."

भाऊंनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

"का नाही विकलं?"

मला बोलायचं होतं. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पावतीपुस्तकाची पानं चाळायला लागले.

"का नाही विकलं, विचारतोय."

"नाही विकलं. झालं."

"हाच तर रोग," भाऊ हळूच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "मॅडम, राहू द्या पावती. खोलीत बारदान ठेवू."

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. त्या बैठकीत तो आवाज कधी कोणी ऐकला नव्हता, त्यामुळे क्षणभर कोण बोललं हेच कळेना.

"मीच पुसी ती काच! माले काय माहीत, टिकलीमा भाव शे!"

धाकट्यानं मान वळवली. भाऊंनी अक्कांकडे पाहिलं, कारण जावेकडे बघायची रीत नव्हती.

"काय म्हणतेय ती?"

"काही नाही. पुसापुशीत टिकली हलली," अक्का म्हणाल्या.

"हालनी नही, मी काढी आनि मीच लाई," दाराआडून आवाज. आता त्यात रडू होतं. "अक्कानी चूक नही शे. बठ्ठी चूक मनी."

भाऊ उठले. सरळ खोलीत गेले, आम्ही मागोमाग. संगणक बंद होता, पण काचेवर दोन टिकल्या आणि ते वळं तसंच होतं. अक्कांनी पुसलं नव्हतं. भाऊंनी वळ्यावर अंगठा ठेवला, मग टिकलीवर. दोनदा ठेवला. पोत्यातला दाणा तपासावा तसा.

"एवढ्यात गेलं?"

"एवढ्यातच."

"आणि तू वरच्या जागी विकलं असतंस?"

"टिकली तिथे असती तर फोन केलाच असता. रोज करते."

भाऊ वळले. धाकट्याला म्हणाले, "तुला टिकली लावायला हवी होती रे." धाकटा हसला, त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी हसला असेल. मग भाऊ अक्कांना म्हणाले, "ती काय रडतेय? तिला सांग, काच पुसायची असेल तर आधी वाचता आली पाहिजे. उद्यापासून शेजारी बसायचं. मॅडम, करा पावती."

अक्कांनी पदरानं खुर्ची पुसली. धूळ नव्हती.

पुढच्या महिन्यात मी गेले तर खोलीत दोन खुर्च्या. दुसरी जेवणाच्या टेबलाची, उंच, तिच्यावर जावेचे पाय अधांतरी. त्या वर्षी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यात मारलेल्या रेघा वीज गेली तरी राहत. मी उत्साहानं दाखवल्या. दोघींनी पाहिल्या, छान आहेत म्हणाल्या आणि टिकल्यांचं पाकीट उघडलं. आता काळ्या टिकलीच्या कडेनं जावेनं पेनानं बारीक गोल काढला होता, हलली तर कळावी म्हणून.

दुपारची वेळ. खाली मिलचा टेम्पो लागलेला, हमाल ओरडताहेत. जाऊ स्क्रीनवरून नजर काढायला तयार नाही. अक्का सुईत दोरा ओवत होत्या.

"अक्का, इकू का?"

"लागली का टिकलीला?"

"नही अजून. पन जवळ शे."

"जवळ नाही विचारलं. लागली का?"

"नही."

"मग बस," अक्का म्हणाल्या.